दाखला मागणारे वाचन : ‘आधा गाँव’ आणि ‘इंधन’

आपल्याकडे माणसाला जन्मापासून दाखले लागतात. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला. हे सगळे कचेरीत मिळतात. त्यांना नमुना असतो, शिक्का असतो, मुदत असते. या देशातल्या मुसलमानाला आणखी एक दाखला सतत मागितला जातो आणि तो कुठल्याच कचेरीत मिळत नाही. तो देशावरच्या निष्ठेचा. क्रिकेटच्या सामन्याला मागितला जातो, बॉम्बस्फोटाच्या दुसऱ्या दिवशी मागितला जातो, घर भाड्याने घेताना मागितला जातो. एकदा दिला म्हणून तो पुन्हा मागितला जाणार नाही, याची शाश्वती नसते. सच्चर समितीने २००६ साली आपल्या अहवालात ही गोष्ट सरकारी भाषेत नोंदवून ठेवली आहे. मुसलमान समाजावर एकाच वेळी दोन शिक्के मारले जातात, एक ‘राष्ट्रद्रोही’ असल्याचा आणि दुसरा ‘लाडावलेला’ असल्याचा. आणि या दोन्ही ओझ्यांखाली तो वावरतो, असे समितीला दिसले.

हा सामाजिक अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. या लेखाचा विषय त्यापेक्षा मर्यादित आहे. ही दाखल्याची मागणी साहित्याच्या वाचनात कशी शिरते, मुसलमान लेखकाची कादंबरी हातात घेताना वाचक आणि समीक्षक नकळत तलाठ्याच्या खुर्चीवर कसे बसतात, आणि याहून गंभीर म्हणजे, आपण मुसलमान लेखकही त्या खुर्चीसमोर अर्ज घेऊन कसे उभे राहतो, एवढेच इथे तपासायचे आहे. त्यासाठी दोन कादंबऱ्या घेतल्या आहेत. राही मासूम रझा यांची हिंदीतील ‘आधा गाँव’ १९६६ सालची आणि हमीद दलवाई यांची मराठीतील ‘इंधन’ १९६५ सालची. दोन भाषा, दोन प्रदेश, एकमेकांशी फारसे न जुळणारे दोन स्वभाव. परंतु जवळजवळ एकाच वेळी दोघांनी एकच केले. देशाचा प्रश्न त्यांनी गावात नेऊन ठेवला.

गंगौलीचे भांडण

‘आधा गाँव’ ही गाजीपूर जिल्ह्यातल्या गंगौली या गावाची कादंबरी. गंगौली हे रझांचे स्वतःचे गाव. फाळणीच्या आधीची काही वर्षे आणि नंतरची काही वर्षे असा तिचा काळ. गावातले शिया सय्यद जमीनदार उत्तरपट्टी आणि दक्खिनपट्टी अशा दोन तर्फांत विभागलेले आहेत. त्यांच्यातली चढाओढ मोहरमची आहे. ताजिया कुणाचा उंच, मजलिस कुणाची मोठी, कुणाच्या दारी रडणे अधिक झाले, यावर वर्षभर बोलणे होते. शेतीच्या बांधावरून मारामाऱ्या, कोर्टकचेऱ्या, चोरटी प्रेमे, अनौरस मुले, शिव्या. या शिव्यांपायी कादंबरीला मोठा त्रास झाला. जोधपूर विद्यापीठात ती अभ्यासक्रमाला लावली गेली तेव्हा अश्लीलतेच्या आरोपावरून गदारोळ उठला.

नावातला ‘अर्धा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बहुतेक वाचक त्यावरून फाळणीचा, तुटलेल्या गावाचा अर्थ काढतात. तो अर्थ कादंबरीत आहे, नाही असे नाही. पण रझांचा पहिला अर्थ साधा आणि प्रामाणिक आहे. मला अर्धेच गाव माहीत आहे, मी अर्ध्याचीच गोष्ट सांगतो, असे ते म्हणतात. सय्यदांच्या अंगणाबाहेरचे गाव त्यांना आतून ठाऊक नाही आणि ते ठाऊक असल्याचा आव ते आणत नाहीत. जुलाहे आहेत, राकी आहेत, अहीर आहेत, दलित आहेत, पण ते सय्यदांच्या नजरेला जेवढे दिसतात तेवढेच येतात.

इंग्रजी अनुवादाच्या नावाची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. जिलियन राइट यांनी केलेला अनुवाद १९९४ साली आला तेव्हा त्याच्या नावात गंगौलीची भांडणारी घराणी होती. नंतरच्या आवृत्तीला दुभंगलेल्या गावाचे नाव मिळाले. पहिल्या नावात गाव आहे, दुसऱ्यात फाळणी आहे. भांडण मागे पडले आणि राष्ट्राची जखम पुढे आली. बाजाराची गरज असेल, पण वाचनाची दिशाही त्यातून कळते. मुसलमानाच्या कादंबरीत आपल्याला फाळणी हवी असते. त्याच्या बांधावरच्या भांडणात आपल्याला रस नसतो.

प्रत्यक्षात आपलेपण त्या भांडणातच आहे. ज्या गावाशी आपला संबंध नाही त्या गावात कुणी बांधावरून डोके फोडून घेत नाही. अलिगढहून शिकलेली मुले लीगच्या प्रचाराला गंगौलीत येतात, तो भाग सर्वांच्या लक्षात राहतो. ती मुले पुढे काय होईल याची भीती घालतात, इस्लामी राज्याचे चित्र रंगवतात. गावकऱ्यांना ते समजतच नाही. फुन्नन मियाँ या अडाणी, हट्टी, लाठीवर भरवसा ठेवणाऱ्या जमीनदाराचा सवाल असा, की बापजाद्यांच्या कबरी इथे, इमामबाडा इथे, शेती इथे, मग आम्ही कुणाच्या सांगण्यावरून उठायचे? यात देशभक्ती शोधली तर सापडणार नाही. फुन्नन मियाँला हिंदुस्थान या कल्पनेशीही फारसे देणेघेणे नाही. त्याला पाकिस्तान नको आहे, कारण ते गंगौलीत नाही. राष्ट्रवादाच्या कोणत्याही परीक्षेत हा माणूस नापास होईल. आणि तरीही तो या मातीचा नाही, असे म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही.

मधेच आलेली भूमिका

रझांनी आणखी एक विलक्षण गोष्ट केली आहे. कादंबरी बरीच पुढे गेल्यावर, मधेच, ते कथा थांबवतात आणि भूमिका लिहितात. मुसलमानांना परके ठरवणाऱ्या राजकारणाला ते तिथे थेट उत्तर देतात. मी गंगौलीचा आहे, गंगौलीशी असलेले माझे नाते कुणी खोटे ठरवू शकत नाही, असे ते ठणकावून सांगतात.

‘आधा गाँव’वर लिहिणारे बहुतेक जण याच पानांवर येऊन थांबतात. भाषणांतून, लेखांतून, विद्यार्थ्यांच्या वह्यांतून हीच पाने फिरतात. ती आवेशाची आहेत, खरी आहेत, वाचताना अंगावर काटा येतो. पण कादंबरी म्हणून पाहिले तर हीच पाने मला सर्वांत दुबळी वाटतात. कारण तिथे लेखक गंगौलीशी बोलायचे थांबवून गंगौलीबाहेरच्या कुणाशी तरी बोलू लागतो. आतापर्यंत त्याने आपल्याला अंगणात बसवले होते. आता तो आपल्याला पंच करतो आणि स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. साक्ष खरी आहे, पण पिंजरा त्याचा नाही.

रझांना हे कळत नव्हते असे मानायचे कारण नाही. भूमिका पहिल्या पानावर घालण्याचा राजमार्ग मोकळा होता. तो सोडून त्यांनी ती मधे घातली, जणू कुणीतरी दार वाजवले आणि सांगत असलेली गोष्ट सोडून उठावे लागले. ते दार कोण वाजवत होते हे १९६६ सालच्या वाचकाला ठाऊक होते आणि आजच्या वाचकालाही ठाऊक आहे. पण उत्तर देऊन झाल्यावर रझा पुन्हा अंगणात येऊन बसतात आणि सय्यदांची फजिती पूर्वीच्याच निर्दयपणाने सांगू लागतात. मुसलमानांची बाजू मांडायची आहे म्हणून त्यांनी एकाही सय्यदाचा गर्व, एकाही मियाँचा लोभ झाकलेला नाही. कादंबरीची खरी ताकद या परत येण्यात आहे.

दाखला मागणे आणि न्याय मागणे यांतला फरकही रझांनी एका प्रसंगात कायमचा दाखवून ठेवला आहे. १९४२च्या आंदोलनात कासिमाबादच्या ठाण्यावर जमाव चालून जातो. गोळीबारात फुन्नन मियाँचा मुलगा मुमताज मरतो. स्वातंत्र्यानंतर तिथे हुतात्म्यांची सभा भरते. पुढारी भाषण करतो, हिंदू हुतात्म्यांची नावे घेतो, मुमताजचे नाव घेत नाही. फुन्नन मियाँ उठतो आणि विचारतो, की इथे माझाही एक मुलगा मारला गेला होता, त्याचे नाव आज कुणी का घेतले नाही?

हा म्हातारा इथे ‘आम्हीसुद्धा देशासाठी रक्त सांडले’ असा दाखला सादर करत नाही. तो कुणाकडे मान्यता मागत नाही. त्याचा सवाल हिशेबाचा आहे. यादी चुकलेली आहे, ती दुरुस्त करा. चूक यादी करणाऱ्याची आहे, यादीतून गळलेल्याची नाही. मुसलमान लेखकाने आणि वाचकाने हा प्रसंग पाठ करून ठेवावा असा आहे. आपल्या नावासाठी उठून उभे राहणे वेगळे आणि आपण या घरचे आहोत हे हात जोडून पटवून देणे वेगळे.

दलवाईंची कादंबरी आणि दलवाईंचे नाव

‘इंधन’ची अडचण उलट प्रकारची आहे. दलवाईंकडे कुणी दाखला मागितला नाही. त्यांना तो आगाऊच देऊन टाकला गेला आणि त्या दाखल्याखाली कादंबरी दडपली गेली.

हमीद दलवाई हे नाव मराठी वाचक कसे ओळखतो? १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेणारे, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापणारे, १९७७ साली मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी न करता दहन करावे अशी इच्छा ठेवून गेलेले बंडखोर सुधारक म्हणून. हे सगळे खरे आहे आणि मोठे आहे. पण त्यामुळे ‘इंधन’ हे ‘एका सुधारक मुसलमानाने आपल्या समाजाची केलेली कानउघाडणी’ म्हणून वाचले गेले. बहुसंख्य समाजातील अनेकांना त्यात आपल्या मनातले ऐकल्याचे समाधान मिळाले. आपल्या समाजातील अनेकांना ते घरातले भांडण चव्हाट्यावर मांडणे वाटले. दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही पक्षांनी कादंबरी वाचली ती दलवाई कोणत्या बाजूचे आहेत हे ठरवण्यासाठी.

आता कादंबरी काय आहे ते पाहू. कोकणातले एक गाव आहे. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला मुसलमान निवेदक आहे. धर्माची पकड त्याने सोडवली आहे, घराची सुटलेली नाही. गावात पूर्वापार जमीन राखून असलेले मुसलमान आहेत, त्यांच्या जमिनी कसणारे कुळवाडी आहेत, ब्राह्मण आहेत, नव्याने बौद्ध झालेले आहेत. वरवर सगळे सुरळीत चालले आहे. सणाला जाणे आहे, येणे आहे. पण या सलोख्याच्या खाली जमिनीची सत्ता आहे आणि त्या सत्तेतून आलेले स्त्रीपुरुषांचे संबंध आहेत, ज्यांविषयी सगळ्यांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. जमिनीची गाठ सैल होते तसे हे न बोललेले वर येऊ लागते. कारण क्षुल्लक असते, वणवा मोठा असतो.

कादंबरीचे नाव नीट वाचले पाहिजे. इंधन म्हणजे सरपण. आग कुणी लावली, हा पोलिसांचा प्रश्न आहे. कादंबरीकाराचा प्रश्न असा, की एवढे सरपण कोणी, किती वर्षे, कशासाठी रचून ठेवले होते? आणि त्या सरपणात सगळ्यांच्या घरची लाकडे आहेत. मुसलमान जमीनदाराचा माज आहे, कुळवाड्याचा साठलेला राग आहे, ब्राह्मणाचे हिशेबी मौन आहे. दलवाई कुणालाच सोडत नाहीत आणि निवेदकालाही सोडत नाहीत. त्याचे विचार शुद्ध आहेत, पण गावात ते कुणाच्या उपयोगी पडत नाहीत. ज्यांना यात फक्त मुसलमानांचे दोष दिसले त्यांनी अर्धे इंधन वाचले. ज्यांना यात फक्त समाजाची बदनामी दिसली त्यांनी उरलेले अर्धे वाचले. दिलीप चित्रे यांनी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला, तो करताना त्यांना प्रचारपत्रकाच्या पलीकडचे काही दिसले असणारच.

धर्म किती आणि जमीन किती

दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. गावाची घडी मोडते ती धर्माच्या प्रश्नावरून, असे आपण गृहीत धरून चालतो. पण दोन्हीकडे तिच्या मुळाशी महसुलाचा कायदा आहे. उत्तर प्रदेशात १९५२ साली जमीनदारी संपली आणि गंगौलीचे सय्यद एका रात्रीत सामान्य झाले. तत्कालीन मुंबई राज्यात १९४८ साली कूळकायदा आला, १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा आला आणि कोकणातल्या जमीन राखणाऱ्यांचा, मग तो ब्राह्मण असो की मुसलमान, पाया हलला. हे कायदे न्याय्य होते. ते यायलाच हवे होते. रझाही त्याबद्दल अश्रू ढाळत नाहीत आणि दलवाईही ढाळत नाहीत.

परंतु कुळाला जमीन मिळणे ही गोष्ट ‘हिंदूला मुसलमानाची जमीन मिळाली’ अशी सांगता येते आणि जमीनदाराचे उतरणे ‘मुसलमानावर अन्याय झाला’ असेही सांगता येते. जमातवाद म्हणजे वर्गाच्या हिशेबाचे धर्माच्या वहीत केलेले हे भाषांतर. रझा आणि दलवाई ते भाषांतर नाकारतात आणि मूळ हिशेब दाखवतात. हे काम कुठलेही जाहीर व्याख्यान करू शकत नाही. त्यासाठी बांध, कूळ, कर्ज, अंगण आणि परसदार लागते. त्यासाठी कादंबरीच लागते.

गंगौलीतून जे पाकिस्तानात गेले ते सगळे विचाराने गेले नाहीत. कुणी नोकरीसाठी गेला, कुणी जमीनदारी गेल्याच्या लाजेने गेला. हकीमसाहेबांचा मुलगा जातो आणि त्याची बायकोमुले मागे राहतात. म्हाताऱ्याचे घर रिकामे होते. लग्नाची मुले निघून गेल्यावर मुलींचे काय, हा प्रश्न ज्या घरांत उरतो त्या घरांना राष्ट्र कुठले विचारण्यात काय अर्थ आहे? राष्ट्राची सीमा त्या स्त्रियांच्या माजघरातून गेली आणि त्यांना कुणी विचारले नाही. मोहरमच्या मजलिशीतले त्यांचे रडणे नंतरच्या भागात वेगळे ऐकू येते. करबलाच्या शोकात आता घरातले गेलेलेही मिसळलेले असतात.

इथेच ‘अर्धे गाव’ या नावाचा तिसरा अर्थ लागतो. सय्यदांना गंगौली आपली वाटत होती, पण त्या आपलेपणात जुलाह्याला किती जागा होती? परसराम हा दलित कार्यकर्ता पुढे आमदार होतो आणि काल ज्याला अंगणाबाहेर उभे केले त्याच्याकडे कामे घेऊन जायची वेळ सय्यदांवर येते. ही गंमत रझा पुरेपूर रंगवतात. ज्याने स्वतः दुसऱ्याला गावकीत अर्धाच धरला, त्याच्यावर देशात अर्धा ठरण्याची वेळ येते, हा या कादंबरीचा सर्वांत कडू भाग आहे. त्यातून आपली सुटका नाही. महाराष्ट्रातही बागवान, तांबोळी, मुलाणी, पिंजारी, अत्तार यांच्या साहित्याची वाट अजून अरुंद आहे. ‘मुस्लिम अस्मिता’ म्हणताना आपण कोणाच्या अंगणातून बोलतो, हे विचारले जात नाही. इस्लाममध्ये जात नाही, हे वाक्य आपण ज्या सहजतेने उच्चारतो, ती सहजता तपासायला हवी.

आपले अर्ज

आता आपल्या घरात येऊ. १९९० हे साल मराठी मुसलमानांच्या साहित्यिक इतिहासात दोन घटनांचे आहे. सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद यू. म. पठाण यांनी भूषवले. एका वर्षात दोन दारे उघडली. एक स्वतःचे, एक सर्वांचे. त्यानंतर दोनच वर्षांनी बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली, आणि या नव्या लेखनाचा सगळा सूर बदलला. त्या काळात लिहिलेल्या कवितेत वेदना खरी होती. तिचे मोल कमी करायचे नाही.

पण तीन दशकांहून अधिक काळ गेल्यावर या लेखनाकडे परखडपणे पाहायला हवे. आपल्या कवितेचा, लेखांचा, अध्यक्षीय भाषणांचा एक मोठा भाग प्रतिज्ञापत्राच्या भाषेत लिहिलेला आहे. आम्हीही याच मातीचे, आमचीही मायबोली मराठी, शिवरायांच्या सैन्यात आम्हीही होतो, वारीत आम्हीही पाणी वाटतो. यातले एकही विधान खोटे नाही. तक्रार त्या ‘ही’बद्दल आहे. ‘आम्हीही’ म्हणताना आपण मान्य करून टाकतो, की ‘आम्ही’ कोणीतरी दुसरे आहेत, त्यांचे असणे आपोआप आहे आणि आपले मात्र सिद्ध व्हायचे आहे.

या अर्जाला जोडण्यासाठी आपण पूर्वज शोधतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे त्यांतले ठरलेले नाव. सतराव्या शतकातल्या या संतकवीचा उल्लेख प्रत्येक व्यासपीठावर होतो. ‘योगसंग्राम’ किती जणांनी वाचला? शेख महंमदांना आपण पुरावा म्हणून वापरतो, कवी म्हणून वाचत नाही. पुरावा फाईलला लावला की काम संपते. कवी मात्र आपल्याला अडवतो, प्रश्न विचारतो, आपल्या सोयीच्या बाहेर जातो. तीच गत अमर शेखांची. बार्शीत मेहबूब पटेल म्हणून जन्मलेला हा शाहीर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखोंच्या सभा आपल्या आवाजावर उभ्या करत होता. तो गिरणी कामगाराविषयी, शेतकऱ्याविषयी, मुंबईविषयी गात होता. ‘मी मुसलमान असूनही’ अशी सुरुवात त्याला कधी करावी लागली नाही, कारण तो मागायला आलेला नव्हता, लढायला आलेला होता. ‘असूनही’ हा शब्द आपण नंतर त्याच्या नावाला जोडला. मोठेपणा सांगण्याच्या भरात जोडला, हे आणखी वाईट.

एक आक्षेप

यावर कुणी म्हणेल, की हे बोलणे सोपे आहे. आज खरोखरच कागद मागितले जात आहेत. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीन शेजारी देशांतून आलेल्यांना नागरिकत्व देताना सहा धर्मांची नावे कायद्यात लिहिली गेली. त्यात इस्लाम नव्हता. अशा वेळी आपण या मातीचे आहोत हे सांगायचे नाही, तर काय करायचे?

आक्षेप गंभीर आहे. कचेरीत कागद दाखवावाच लागतो, न्यायालयात बाजू मांडावीच लागते, रस्त्यावर उतरावेही लागते. ती नागरिकाची कामे आहेत आणि त्यांत कसूर करून चालणार नाही. पण कवितेला आणि कादंबरीला त्या फाईलमध्ये घालू नये, एवढेच म्हणणे आहे. आसामातल्या ‘मिया कविते’ने हे फार धारदारपणे ओळखले. हाफिज अहमद यांनी २०१६ साली लिहिलेल्या कवितेपासून बंगाली मूळ असलेल्या मुसलमानांची ही कविता गाजू लागली. हेटाळणीसाठी वापरला जाणारा ‘मिया’ हा शब्द त्यांनी नाव म्हणून घेतला. अर्जदाराची भाषा घेऊन त्यांनी अर्ज मागणाऱ्यालाच उभे केले. तिची धग इतकी, की २०१९ साली कवींवर पोलिसांत तक्रारी झाल्या. ज्या कवितेने दाखला दिला असता तिच्यावर तक्रार झाली नसती.

आपल्या भाषेतला एक शब्द इथे मदतीला येतो. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेच्या उद्देशिकेत जो शब्द आला त्याला मराठीत आपण ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणतो. या शब्दावर चर्चा पुष्कळ झाली, पण त्यातल्या ‘अपेक्षा’कडे कुणी फारसे पाहिले नाही. निरपेक्ष म्हणजे अपेक्षा न ठेवणारा. धर्मनिरपेक्ष राज्य म्हणजे नागरिकाच्या धर्मावरून त्याच्याकडून जास्तीची कोणतीही अपेक्षा न ठेवणारे राज्य. एकाने नुसते राहावे आणि दुसऱ्याने राहून शिवाय सिद्धही करावे, ही अपेक्षा आली की निरपेक्षता संपली.

सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात हेच वेगळ्या मार्गाने सांगितले. केरळातली तीन ख्रिस्ती भावंडे, जेहोवाज विटनेसेस पंथाची. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेतून काढून टाकल्यावर प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. न गाणे म्हणजे अवमान नव्हे. या निकालाचा अर्थ गीतापुरता नाही. आपलेपणाचा उच्चार केला नाही म्हणून आपलेपण नाही, असे ठरवता येत नाही. मौनालाही नागरिकत्व आहे.

वाचकाने उठावे

फुन्नन मियाँ हा त्या अर्थाने धर्मनिरपेक्ष देशाचा खरा नागरिक आहे. तो निष्ठेवर बोलत नाही. शेतावर बोलतो, कबरींवर बोलतो, मुलाच्या नावावर बोलतो. ‘इंधन’चा निवेदकही स्वतःला चांगला मुसलमान किंवा चांगला भारतीय ठरवण्याच्या भानगडीत पडत नाही. तो जे दिसले ते सांगतो आणि त्याची किंमत देतो. दोन्ही लेखकांनी आपापल्या गावावर टीका केली, ती आतून केली. ज्याला घरात असण्याची खात्री असते तोच घरातल्या माणसांवर आवाज चढवू शकतो. पाहुणा नेहमी जेवणाचे कौतुक करतो.

मुस्लिम मराठी साहित्याची पुढची वाटचाल या कसोटीवर पाहावी असे वाटते. आमच्या कादंबरीत मोहल्ल्यातले राजकारण यावे, वक्फच्या जमिनीवरचे डल्ले यावेत, बागवान आणि सय्यद यांच्यातली सोयरीक मोडल्याची गोष्ट यावी, तलाकनंतर माहेरी परतलेल्या बहिणीला भाऊ कसा वागवतो ते यावे. पाणीपुरवठ्याची पाळी, कांद्याचा भाव, साखर कारखान्याची निवडणूक यावी. दंगल आली तर तिच्या खालचे सरपण दिसावे. वाचकाला आमच्याविषयी बरे वाटावे म्हणून काही झाकू नये आणि त्याला खूश करण्यासाठी काही उघडे करू नये.

समीक्षकाचेही काम त्याबरोबर बदलते. मुसलमान लेखकाचे पुस्तक हातात घेतल्यावर हा कोणत्या बाजूचा, हे आधी ठरवायची सवय त्याने सोडली पाहिजे. ‘राष्ट्रीय प्रवाहात सामील झालेला लेखक’ हे कौतुकाचे शब्द लिहिताना त्याने थांबावे. प्रवाह एकच आहे आणि त्याचा काठ आपल्या ताब्यात आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. तलाठ्याची खुर्ची सोडून त्याने गंगौलीच्या अंगणात, कोकणातल्या त्या घराच्या पडवीत येऊन बसावे. तिथे भांडण चालू असेल. ते ऐकावे. शक्य झाले तर त्यात एखादा शब्द बोलावा. त्याला तिथे कुणी दाखला विचारणार नाही.